अनुभव धागा : आपल्या घरची चिंच

माजघर
गेल्या आठवड्यात आईचे घर आवरताना फडताळाच्या तळाशी चिनी मातीची बरणी सापडली. तोंडावरचा कापडी दादरा सोडला तर आत मिठाच्या थरांत दाबलेली, काळीभोर झालेली चिंच होती. आई जाऊन वर्ष होत आले, तेव्हा ही तिच्या हातची शेवटची. चैत्रात चिंचा घरी आल्या की आम्ही मुले ओसरीवर टरफले आणि शिरा काढत असू, आई चिंचोके वेगळे करी आणि दोन दिवस ऊन देऊन बरणी भरी. नवी चिंच स्वयंपाकाला आणि जुनी औषधाला, हा तिचा नियम होता. पाय मुरगळला की जुन्या चिंचेचा लिंबाएवढा गोळा, मीठ आणि आंबेहळद लोखंडी पळीत खदखदवून ती सोसवेल इतका ऊन लेप घाली. तो वाळून कातडी ओढू लागली तरी पाय हलवायचा नाही, अशी ताकीद असे. सूज उतरण्यात त्या सक्तीच्या विश्रांतीचाही वाटा होता, असे आज वाटते. आपापल्या घरच्या आठवणी लिहाव्यात, ही विनंती.

भीमाकाठ
लग्नानंतर पहिल्यांदा आमटी केली तेव्हा मी डाळ शिजत असतानाच चिंचेचा कोळ घातला आणि तासभर जाळ घालूनही डाळ कणीदारच राहिली. आंबट पडले की डाळ शिजायची थांबते, म्हणून डाळ घोटल्यावरच कोळ, कोळ उकळल्यावर गूळ आणि शेवटी गोडा मसाला, हा क्रम सासूबाईंनी न रागावता शिकवला. अळूच्या फदफद्यात मात्र त्या कोळ सढळ हाताने घालत. अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्यांनी घसा खवखवतो आणि आंबटाने ती खाज मरते, हे कारण मला पुष्कळ नंतर कळले. त्यांना ते जिभेने ठाऊक होते.

तांबटआळी
आमच्याकडे पितळी पातेल्याची कल्हई उडाली की त्यात चिंचेचे काहीही शिजवायला बंदी होती, कारण आमटी कळकते. चिंचेतले टार्टारिक आम्ल तांब्या-पितळेला खाते आणि तो अंश अन्नात उतरून मळमळ व उलट्या होतात. त्याच गुणामुळे देवाची उपकरणी चिंचेने लखलखतात. घासून उरलेला चोथा आजी तुळशीतसुद्धा टाकू देत नसे.

वऱ्हाडकर
बिबे फोडून आतली गोडंबी काढणाऱ्या बायांच्या हातांवर बिब्बा उतला, म्हणजे त्याच्या तेलाने फोड आले, की आमच्या गावी चिंचेचा कोवळा पाला वाटून लावतात आणि वरून खोबरेल तेल चोळतात. मामीच्या हातांची आग त्याने शमताना मी पाहिली आहे. आता मोबाइलवर इतकेच लिहिते, दूध उतू जाते आहे.

सावित्रीखोरे
लेप आणि पाला ठीक आहे, परंतु एका गोष्टीबद्दल कळकळीने लिहितो. विंचू चावला की चिंचोका दगडावर घासून दंशावर चिकटवायचा, विष ओढले की तो आपोआप गळतो, असे आमच्याकडे मानत. माझ्या काकांना लाल विंचू चावला तेव्हा त्या चिंचोक्याकडे पाहण्यात दोन तास गेले आणि दवाखान्यात नेईपर्यंत ते घामाने थबथबले होते व त्यांना धाप लागली होती. हा विंचू हृदयावर आघात करतो आणि फुप्फुसांत पाणी भरते. आमच्या महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्यावर प्राझोसिन हे औषध वापरून किती तरी जीव वाचवले; २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. काका त्याच उपचाराने वाचले. कृपया विंचूदंशावर चिंचोका लावत बसू नका.

भीमाकाठ
@सावित्रीखोरे, दादा, काका वाचले हे वाचून जीव भांड्यात पडला. हे आमच्या शेतावरच्या माणसांना आजच वाचून दाखवते.

माणदेश
चिंचोक्यांचा विषय निघाला म्हणून लिहिते. १९७२ च्या दुष्काळात आजी खडी फोडायला जात असे. कामावर मिळालेली सुकडी ती मुलांना देई आणि स्वतः चिंचोके भाजून, रात्रभर भिजवून, साल काढून, मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या, पिठात कुटून त्याच्या भाकरी खाई. त्या पोटाला जड पडत, म्हणून भूक लवकर लागत नसे. पुढे घरात सुबत्ता आली, तरी खिशात भाजलेले चिंचोके घेऊन हिंडणाऱ्या नातवंडांकडे ती बराच वेळ बघत राही.

तांबटआळी
@माजघर, ताई, उन्हाळी लागली, म्हणजे लघवीला जळजळ झाली, की तुमच्याकडे चिंचेचे पन्हे करत का? आमच्याकडे गूळ आणि जिरेपूड घालून करत, पण एकच पेला देत, कारण जास्त झाले की पोट ढाळते.

माजघर
होय, आणि ते कोमटच पाजत. बरणीतली थोडी चिंच काल कोमट पाण्यात भिजवून सार केले. मीठ मुळीच घालावे लागले नाही. रंग काळसर आला, आंबटपणा मात्र मवाळ होता. धाकट्या भावाने दोनदा वाढून घेतले आणि बरणीत अजून किती उरली आहे, असे विचारले.