शब्दचर्चा: हाउसमालर म्हणजे घररंगारी?

खडीसाखर: एका प्रदर्शनाच्या पुस्तिकेचं जर्मनमधून भाषांतर करतेय. १७व्या शतकातल्या पांढऱ्या सुरया, त्यांवर न्यूरेंबर्गच्या योहान शापरनं काळ्या रंगात काढलेली निसर्गदृश्यं. त्याला 'हाउसमालर' म्हटलंय. मी 'घररंगारी' लिहिलं, तर तपासणाऱ्या बाईंचा शेरा: "हा भिंती रंगवायचा का?" हे लोक कारखान्यातून कोरी, झिलई झालेली भांडी आणून घरी रंगवायचे आणि लहान भट्टीत पुन्हा भाजायचे. शब्द सुचवा. आणि या भांड्यांवरच्या पांढऱ्या टिन-ग्लेझला 'कथिली झिलई' चालेल?

तिरकी_मात्रा: रंगारी मुळात कापड रंगवणारा. भिंतीवाला नंतरचा. 'चितारी' घ्या, सावंतवाडीला आजही आहेत.

खडीसाखर: चितारी आवडला. पण मग 'हाउस' कुठे गेलं? कारखान्यातले पगारी चितारी वेगळे, हे घरचे. पुस्तिकेचा सगळा मुद्दाच तो आहे.

पाटावरवंटा: घरबसे चितारी 😀

बोरूबहाद्दर: 'झिलई' कशाला? सरळ कल्हई म्हणा. अरबीत 'कलई' म्हणजे कथीलच.

तिरकी_मात्रा: कल्हई धातूवर करतात हो! कथील २३२ अंशांना वितळतं, भट्टीत ओघळून जाईल. इथे कथलाचं ऑक्साइड शिशाच्या झिलईत घालतात. त्यानं ती दुधासारखी होते आणि खालची माती झाकली जाते.

बोरूबहाद्दर: ऑक्साइड म्हणजे भस्म. कथील म्हणजे वंग. 'वंगलेप'. झाला की शुद्ध मराठी शब्द!

पाटावरवंटा: गुडघ्याला चोळायचं बंगाली औषध वाटतंय. चिनीमातीच म्हणा ना, कोण बघतंय.

तिरकी_मात्रा: अजिबात नाही. युरोपातला खऱ्या चिनीमातीचा पहिला कारखाना मायसेनचा, तो १७१० चा; शापर १६७० ला गेला. ही साधी मातीची भांडी, वरून चिनीचं सोंग. जर्मनीतल्या हानाऊला १६६१ मध्ये दोघा डचांनी कारखाना काढला तो त्यासाठीच.

खडीसाखर: सुरईचं झाकणही कथलाचंच आहे, म्हणजे एका वाक्यात दोनदा कथील येणार. आणि हाउसमालर?

बोरूबहाद्दर: कल्हईवरून आठवलं, आमच्या वाड्यात कल्हईवाला यायचा. भाता, कापसाचा बोळा, नवसागराचा तो धूर...

पाटावरवंटा: आमच्याकडे नवसादर म्हणतात.

बोरूबहाद्दर: चूक. नवसागरच.

तिरकी_मात्रा: फारसीत नौशादर आहे. म्हणजे चूक तुमचीच.