बागेतली मोठ्या मापाची मॉडेल रेल्वे: नवख्याने सुरुवात कुठून करावी?

धागाकर्ती:

घरात टेबलावर चालणारी १:८७ मापाची छोटी रेल्वे मी बरीच वर्षे सांभाळली आहे, पण आता माझ्या मुलीच्या आग्रहावरून बागेत मोठ्या मापाची रेल्वे मांडण्याचा विचार चालू आहे. जागा साधारण ८ मीटर लांब आणि ५ मीटर रुंद आहे. एका टोकाला जुने झाड आहे आणि तिथून घराच्या दिशेने जमीन उतरत जाते. गवंडी वापरतात तशी पाण्याची नळी धरून मोजले, तेव्हा लांबीभर सुमारे २० सेंमी फरक निघाला. इंजिन, दोन डबे आणि रुळांचे वर्तुळ असा सुरुवातीचा संच घेऊन हळूहळू वाढवत जावे, असे मनात आहे. हा मार्ग योग्य आहे का? रूळ कशावर अंथरावेत, आणि वीज रुळांतून द्यावी की इंजिनात बॅटरी ठेवावी, याबद्दल अनुभवी मंडळींनी सल्ला द्यावा, ही विनंती.

प्रतिसाद १:

संच घेण्यास हरकत नाही, मात्र त्यातले वर्तुळ ही आपल्या बागेची सुरुवात आहे असे समजू नका. बहुतेक संचांत प्रत्येकी ३० अंशांचे १२ वक्र तुकडे असतात आणि त्यांची त्रिज्या सुमारे ६० सेंमी भरते. त्यावर दोन आसांचे छोटे इंजिन आनंदाने फिरते. पण पुढे लांब डबे घेतलेत, तर एका डब्याचे टोक आत आणि दुसऱ्याचे बाहेर अशी ओढाताण होऊन जोडणीचे आकडे सुटतात, आणि दिसायलाही ते डबे वळणावर कोपरे काढून चालल्यासारखे दिसतात. आपल्याकडे रुंदी ५ मीटर आहे, त्यामुळे दीड मीटर त्रिज्येची वळणे सहज बसतील. काठाने अर्धा मीटर जागा सोडून ७ मीटर बाय ४ मीटरचा वळसा आखला, तर एकूण लांबी १९ मीटरच्या आसपास होते. संचातले वर्तुळ सणासुदीला घरात मांडायला ठेवा.

मापाच्या बाबतीत थोडा गोंधळ होईल, म्हणून आधीच सांगतो. या प्रकारात रुळांमधले अंतर बहुधा ४५ मिमी असते, पण त्यावर धावणारी सगळी वाहने एकाच प्रमाणात केलेली नसतात. गेज म्हणजे खऱ्या रेल्वेच्या रुळांमधले अंतर. मीटर गेजच्या गाड्यांसाठी १:२२.५, अमेरिकेतल्या तीन फुटी रेल्वेसाठी १:२०.३ आणि प्रमाण (१४३५ मिमी) गेजसाठी १:३२ ही प्रमाणे हिशेबात बसतात. १:२९ बसत नाही, तरीही त्यात भरपूर माल मिळतो. एलजीबी या जर्मन ब्रँडने १९६८ मध्ये या मापाची गाडी बाजारात आणली, तेव्हाचे 'श्टाइन्त्स' हे छोटे इंजिन मुळात ऑस्ट्रियातल्या ७६० मिमी गेजच्या रेल्वेवरचे होते आणि तरीही ते ४५ मिमीच्या रुळांवर उभे केले गेले. तेव्हा शुद्धतेचा फार बाऊ करू नये. एकाच गाडीत १:२०.३ चा डबा आणि १:३२ चा डबा शेजारीशेजारी जोडू नका, एवढे पथ्य पाळले की पुरे, कारण मग एक वाडा आणि एक खोपटे मिळून प्रवासाला निघाल्यासारखे दिसते.

प्रतिसाद २:

वरच्या प्रतिसादातल्या वळणांबद्दलच्या सल्ल्याशी मी सहमत आहे, पण माझ्या मते खरा प्रश्न त्याही आधीचा आहे. टेबल हलत नाही, जमीन हलते. मी पहिल्या वर्षी माती चोपून सपाट केली आणि तिच्यावर थेट रूळ ठेवले. पावसाळ्यानंतर पाहिले तर एका वळणावर बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा सुमारे ४ मिमी खाली गेला होता आणि प्रत्येक फेरीत तिसरा डबा त्याच जागी घसरत होता. डब्याची चाके तपासण्यात मी दोन रविवार घालवले. अखेर रुळांवर आडवी स्पिरिट लेव्हल ठेवली, तेव्हा दोष चाकांचा नसून खालच्या मातीचा आहे हे लक्षात आले. गाडी निरनिराळ्या ठिकाणी घसरत असेल तर गाडी पाहावी, एकाच ठिकाणी घसरत असेल तर जमीन पाहावी.

आपल्या बागेसाठी मी असे सुचवीन. वीतभर रुंद आणि साधारण १५ सेंमी खोल चर खणून त्यात बारीक फोडलेली खडी भरावी, थराथराने ठोकावी आणि वरच्या थरात ३ ते ६ मिमीची धारदार कच वापरावी. नदीतले गोल गोटे दिसायला सुंदर असले तरी वापरू नयेत, कारण ते एकमेकांत अडकत नाहीत आणि रुळाखालून निसटतात. झाडाजवळ मात्र चर खणू नका. मुळे तुटतील आणि उरलेली मुळे पुढे रूळ उचलतील. तिथे खडी जमिनीवरच रचावी, आणि घराकडच्या टोकाला विटांची किंवा दगडांची ठेंगणी भिंत बांधून पाया सुमारे २० सेंमी उंच करावा, म्हणजे सगळा वळसा सपाटीत येईल. पाणी झाडाकडून घराकडे वाहत येणार आणि तुमचा पाया त्याला बांधासारखा आडवा जाणार. म्हणून दोन-तीन ठिकाणी पायाखालून पाइप घाला, नाहीतर पहिल्याच जोरदार सरीत खडी अंगणात येईल.

धागाकर्ती:

सविस्तर उत्तरांबद्दल आभार. दोन शंका आहेत. भिंत बांधण्याऐवजी गाडीनेच तो उतार चढला तर चालणार नाही का? आणि खडीऐवजी काँक्रीटची पट्टी ओतून तिच्यावर रूळ स्क्रूने घट्ट बसवले, तर खचण्याचा प्रश्नच मिटेल, असे वाटते.

प्रतिसाद २:

८ मीटरमध्ये २० सेंमी म्हणजे अडीच टक्के चढ झाला. शक्य तेथे २ टक्क्यांच्या आत राहावे असे मी मानतो. ४ टक्क्यांवरही छोटी इंजिने चढतात, पण डबे कमी करावे लागतात आणि वळणावर चढ असेल तर चाकांचे घर्षण त्यात भर घालते. पुढे कधी खऱ्या वाफेवर चालणारे इंजिन घेण्याची इच्छा झाली, तर चढावर ते दमते आणि उतारावर सुसाट सुटते, त्यामुळे दर फेरीला धावत जाऊन त्याला आवरावे लागते. भिंतीचे काम एकदाच करायचे आहे.

काँक्रीटची पट्टी जरूर ओता, पण रूळ तिला घट्ट आवळू नका. पितळ तापले की प्रत्येक अंशाला एका मीटरमागे सुमारे ०.०१९ मिमी वाढते. आकडा क्षुल्लक वाटतो. पण थंडीतल्या पहाटेचा रूळ आणि भर उन्हातला रूळ यांत ४५ अंशांचा फरक पडला, तर २० मीटरच्या वळशात ही वाढ १७ मिमी होते. रूळ खडीत मोकळे बसलेले असतील, तर सगळा वळसा जेमतेम ३ मिमी बाहेर सरकतो आणि संध्याकाळी परत जागेवर येतो. कोणाच्या लक्षातही येत नाही. तेच रूळ जागोजागी स्क्रूने जखडले, तर ती वाढ दोन स्क्रूंच्या मधे जिथे वाट मिळेल तिथे बाहेर पडते आणि दुपारी रूळ सापासारखा वाकलेला दिसतो. फार तर एखाद्या ठिकाणी स्क्रू लावा, तोही स्लीपरचे, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्टीचे, भोक लांबट करून आणि सैल ठेवून.

प्रतिसाद ३:

विजेबद्दल कोणीच बोलले नाही म्हणून लिहिते. मी आठ वर्षे रुळांतून वीज दिली आणि नंतर बॅटरीकडे वळले. पितळी रुळांवर काळपट थर चढतो, त्यावर झाडाचा चीक आणि धूळ बसते, एखादी गोगलगाय चाकाखाली सापडली तर पुढचे वीतभर इंजिन जागच्या जागी चाके फिरवत राहते. गाडी चालवण्याआधी अर्धा तास रूळ घासण्यात जाऊ लागला, तेव्हा मुलांचा उत्साह मावळला. आता बॅटरी आणि रेडिओचा स्वीकारक इंजिनामागच्या बंद डब्यात असतो, रूळ फक्त पालापाचोळा झाडून साफ केले की पुरतात, आणि गाडीला उलटे फिरवणारा वळसा टाकला तरी दोन रुळांत शॉर्ट सर्किट होण्याची धास्ती नाही. बॅटरी लिथियमची असेल तर ती चार्ज होत असताना घरात कोणीतरी जागे असावे, एवढी शिस्त मात्र हवी.

प्रतिसाद १:

बॅटरीचे फायदे मान्य आहेत, तरी मी रुळांतूनच वीज देतो, आणि त्याचे कारण आळस नव्हे. दुपारभर गाडी आपली आपण फिरत राहावी आणि मी शेजारी बसून रोपांची छाटणी करावी, हे मला आवडते. बॅटरी संपली की ते थांबते. रुळांच्या प्रत्येक जोडावर संचातल्या पत्र्याच्या जोडपट्ट्यांऐवजी स्क्रूने आवळायच्या पितळी पकडी बसवल्या आणि दर चार-पाच मीटरवर वेगळी तार आणून जोडली, तर वीज मधेच मंदावत नाही. पकडीच्या मधला रूळ मात्र सरकायला मोकळा हवा, हे वर आलेच आहे. कोणताही मार्ग निवडलात तरी घरची वीज बागेत नेऊ नका. ट्रान्सफॉर्मर घरात कोरड्या जागी ठेवून फक्त २४ व्होल्टपर्यंतची तार बाहेर काढावी.

धागाकर्तीबाईंना व्यवहाराचे सांगायचे तर आज निर्णय करण्याची गरज नाही. संचातले इंजिन रुळांतल्या विजेवरच चालते. पहिले वर्ष तसेच चालवा आणि घासण्याचा कंटाळा आला, तर त्याच इंजिनामागे बॅटरीचा डबा जोडून घ्या.

धागाकर्ती:

सर्वांचे मनापासून आभार. इंजिनाची खरेदी पुढे ढकलली आहे. येत्या रविवारी सुतळी आणि खुंट्या लावून दीड मीटरची वळणे जमिनीवर आखणार आहोत. मुलीने पाया कुठे उंच करायचा ते दाखवायला खुंट्यांवर खुणाही करून ठेवल्या आहेत. झाडाकडचे वळण मुळे टाळून थोडे आत घ्यावे लागेल, असे दिसते.

प्रतिसाद २:

आखणी झाली की एक मोठा पाऊस पडू द्या आणि पाणी खुंट्यांमधून कुठून वाहते ते पाहून ठेवा. पाइप तिथेच घाला.