वर्ग सुटल्यावरही मीटर चालू ठेवा

दुपारी एकदा मोजून कार्बन डायऑक्साइड ९०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ९०० भाग) आला म्हणून वर्गातली हवा चांगली, असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. मधली सुट्टी नुकतीच झाली असेल तर आकडा कमी दिसणारच. वर्ग सुटला की खिडक्या नेहमीसारख्याच ठेवून रिकाम्या खोलीत दर पाच मिनिटांनी नोंद घ्या. बाहेरच्या हवेत साधारण ४२० पीपीएम असतोच. त्यावरचा जादा भाग तासाभराने ३७ टक्के उरला, तर हवा तासाला एकदाच बदलतेय. चाळीस मुलांना ती फारच अपुरी! आणि धुळीचं यातून काहीच कळत नाही. पीएम २.५ (अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक धूलिकण) वेगळं मोजा, आत-बाहेर एकाच वेळी; पावसाळ्यात धूळ मोजणारे स्वस्त लेझर मीटर दमटपणामुळे आकडा फुगवून दाखवतात.