मंत्र्यांसमोर रुग्ण नेणं: प्रभावी मांडणी की नुसता भावनिक दबाव?

निशाचर: टाटा रुग्णालयातल्या डॉक्टरांच्या 'व्हॉइस ऑफ टोबॅको व्हिक्टिम्स' मोहिमेत तज्ज्ञांबरोबर तोंडाच्या कर्करोगातून वाचलेले रुग्णही नेत्यांना भेटायचे. जबडा काढलेला, शब्द नीट न फुटणारा माणूस समोर बसला की मंत्र्याला फाइल बाजूला ठेवावीच लागते. जुलै 2012 मध्ये महाराष्ट्रात गुटखाबंदी आली, त्यात या भेटींचा वाटा मोठा, असं माझं मत.

कलमबहाद्दर: साफ असहमत. बंदी आली ती अन्नसुरक्षेच्या 2011 च्या नियमावलीतल्या 2.3.4 या कलमामुळे. अन्नपदार्थात तंबाखू वा निकोटीन घालायचं नाही, इतकंच त्यात आहे. गुटखा हा अन्नपदार्थ धरला की झालं! रुग्ण पाहून मंत्री हळहळतात, चहा पाजतात, निवेदन घेतात आणि 'बघतो' म्हणतात. सही करायची तर कोर्टात टिकणारा आधार लागतो. तो शोधून देतो तो खरा लॉबिस्ट, म्हणजे सरकारदरबारी बाजू लावून धरणारा.

निशाचर: मग 2015 आठवा. नियम तयार होता: तंबाखूच्या पाकिटाच्या 85 टक्के भागावर सचित्र इशारा, 1 एप्रिलपासून. ऐन वेळी पुढे ढकलला. हा नियम तपासणाऱ्या संसदीय समितीचे अध्यक्ष, आपल्या नगरचे तेव्हाचे खासदार दिलीप गांधी म्हणाले, तंबाखूने कर्करोग होतो असं सिद्ध करणारी भारतीय पाहणीच नाही. त्याच फेब्रुवारीत आर. आर. आबा तोंडाच्या कर्करोगाने गेले होते. लोक खवळले ते कलम वाचून नाही. पुढे समितीने 50 टक्के सुचवूनही एप्रिल 2016 पासून 85 टक्केच लागू झाले.

सोलापूरची सून: रुग्णाचा चेहरा चालतो, मग विडी वळणाऱ्या बाईचा का नको? आमच्या पूर्व भागात मांडीवर सूप घेऊन पानं कातरत बसलेल्या बायका घरोघरी दिसतील. नियम कडक व्हायची चाहूल लागली की 'यांच्या पोटाचं काय?' म्हणून कारखानदार त्यांनाच पुढे करतात. एरवी मजुरी वाढवायला तेच हात आखडतात, ते सोडा. पण या बायकांना दुसरं काय काम देणार, याचा कागद डॉक्टरांच्या शिष्टमंडळाकडे होता का?

कलमबहाद्दर: ताई, हा प्रश्न कामगार खात्याचा. आरोग्यमंत्र्यांपुढे नेला तर ते हात वर करतील.

सोलापूरची सून: मग दोन्ही मंत्र्यांची वेळ घ्या की! खातं बदललं म्हणून चूल बदलते का?

टपरीछाप: तुमचं चालू द्या. आमच्या नाक्यावर दोन पुड्या मिळतात, एक पानमसाल्याची, एक तंबाखूची. गिऱ्हाईक तळहातावर मिसळतं, झाला गुटखा, आणि पुढे जातं.