रिफ्लेक्सॉलॉजी : आराम म्हणून हो, इलाज म्हणून नाही?

रानजाई (धागाकर्ती)

रिफ्लेक्सॉलॉजीचा विषय निघाला की दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, तळव्यावरचा अमुक बिंदू दाबला की मूत्रपिंड साफ होतं, तमुक दाबला की थायरॉइड ताळ्यावर येतं. दुसरा म्हणतो, सगळं थोतांड आहे, विषय संपवा. या दोघांच्या भांडणात कामाची गोष्ट बाजूला पडते म्हणून हा धागा काढतेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. या पद्धतीत तळपाय म्हणजे सगळ्या शरीराचा नकाशा मानतात. अंगठा म्हणजे डोकं, चवड्याचा फुगीर भाग म्हणजे छाती-फुप्फुसं, मधली कमान म्हणजे पोट-आतडी, टाच म्हणजे कंबरेखालचा भाग आणि पायाची आतली कड म्हणजे पाठीचा कणा. त्या त्या जागी अंगठ्याने दाब देत पुढे सरकायचं.

माझं मत असं : नकाशा खरा असो वा नसो, दीर्घ उपचार घेणाऱ्या किंवा दुखण्यातून उठणाऱ्या माणसाला जाणत्या हातांनी पाय दाबून मिळणं ही गरजेची गोष्ट आहे. ती कॅन्सरच्या वॉर्डात, वृद्धाश्रमात, शस्त्रक्रियेनंतरच्या महिन्यांत मिळायला हवी, आणि तिला चैन समजणं बंद व्हायला हवं.

हे मी आईच्या केमोच्या काळात पाहिलं. घरी एक बाई येत. आधी गरम पाण्याने हात धुवायच्या, स्वतःची नखं तपासायच्या, मग पाटावर बसून आईचा पाय टॉवेलसकट मांडीवर घ्यायच्या. अंगठा सुरवंटासारखा तसूतसूने पुढे जायचा. केमोमुळे आईच्या बोटांत सतत मुंग्या असत. तिथे त्या दाबत नसत, नुसती बोटं हातात धरून बसत. रात्र-रात्र छताकडे बघत पडणारी आई डावा पाय हातात घ्यायच्या आत झोपलेली असायची.

दवाखान्यात माणसाला दिवसभर हात लागत असतात. कुणी सुई टोचायला येतं, कुणी रक्त काढायला, कुणी बीपी बघायला. तिच्याकडून काहीच न मागणारा स्पर्श तेवढा एकच होता. त्याने तिचे रिपोर्ट सुधारले असं मी म्हणत नाही, त्या बाईही कधी म्हणाल्या नाहीत. पण झोप, भूक आणि "आज जरा बरं वाटतंय" हे शब्द, यांची किंमत आजारी घरालाच कळते.

तुम्हाला काय वाटतं?

---

पुरावा_कुठे

आईंबद्दल वाचून वाईट वाटलं आणि त्यांना आराम मिळाला याचं समाधानही वाटलं. पण मत पटलं नाही. "नकाशा खरा असो वा नसो" हे वाक्य इतक्या सहज लिहून पुढे जाता येणार नाही, कारण रिफ्लेक्सॉलॉजी म्हणजेच तो नकाशा. तो काढला की उरतं ते पाय चेपणं. मग त्याला पाय चेपणंच म्हणा.

आधी इतिहास. "पाच हजार वर्षांची प्राचीन विद्या" असं प्रत्येक पत्रकावर छापलेलं असतं. इजिप्तमधल्या सक्काराच्या एका थडग्यातलं हातापायांवर काहीतरी करत असल्याचं कोरीवकाम पुरावा म्हणून दाखवतात. ते नखं कापतायत, मालिश करतायत की जखम बघतायत, हे चित्रावरून ठरत नाही. आज भिंतीवर लावतात तो तक्ता अमेरिकेतला आहे आणि त्याला शंभर वर्षंही झालेली नाहीत. विल्यम फिट्झजेराल्ड या कान-नाक-घशाच्या डॉक्टरने शरीराचे उभे दहा पट्टे कल्पिले. १९१७ साली त्यावर पुस्तक आलं. पुढे १९३० च्या दशकात युनिस इंगहॅम यांनी ती कल्पना पायावर आणून बिंदू ठरवले. तळव्यापासून यकृतापर्यंत जाणारी अशी कुठली वाट शरीरशास्त्राला सापडलेली नाही. वेगवेगळ्या तक्त्यांत काही अवयवांच्या जागाही जुळत नाहीत.

आता परिणाम. पर्यायी उपचारपद्धती तपासणारे संशोधक एडझार्ड अर्न्स्ट आणि सहकाऱ्यांनी २०११ साली २३ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. कुठल्याही आजारावर हे उपयोगी पडतं असं खात्रीने म्हणता येत नाही, हा त्यांचा निष्कर्ष. ऑस्ट्रेलियाने १ एप्रिल २०१९ पासून खासगी आरोग्य विम्याच्या सरकारी सवलतीतून ज्या उपचारपद्धती काढल्या, त्यांत रिफ्लेक्सॉलॉजी आहे.

माझा राग पाय दाबण्यावर नाही. आमच्या शेजारच्या काकूंना एका केंद्रात "थायरॉइडचा पॉइंट मोकळा झालाय, आता गोळी अर्धी करा" असं सांगितलं. त्यांनी केली. काही महिन्यांत चेहरा सुजला, आवाज बसला, जिना चढवेना. तिथे आराम विकला जात नव्हता, तक्ता विकला जात होता.

---

रानजाई

काकूंचं वाचून चीड आली. गोळी बदलायला सांगणाऱ्याला मी कणभरही पाठीशी घालणार नाही.

पण ऑस्ट्रेलियाच्या त्याच यादीत योग आणि ताई ची (संथ हालचालींचा चिनी व्यायाम) सुद्धा होते, हेही सांगा. विम्यातून वगळलं म्हणजे माणसाला त्याचा काहीच उपयोग नाही, असा अर्थ होत नाही.

अभ्यासांबद्दलही अर्धंच चित्र आलं. मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीचा एक मोठा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. स्तनाचा कर्करोग पुढच्या टप्प्यात गेलेल्या ३८५ स्त्रिया, सगळ्यांचे उपचार चालू. काहींना रिफ्लेक्सॉलॉजी, काहींना साधं पाय चोळून देणं, काहींना फक्त नेहमीचे उपचार. रिफ्लेक्सॉलॉजीच्या गटात धाप कमी झाली आणि जिना चढणं, कपडे घालणं यांसारखी रोजची कामं सोपी गेली. कॅन्सरच्या पेशंटला स्वतःचे कपडे स्वतः घालता येणं म्हणजे काय, हे शब्दांत सांगता येत नाही.

---

पुरावा_कुठे

तो अभ्यास मी वाचलाय आणि तो प्रामाणिक आहे. त्यातलं राहिलेलं सांगतो. वेदना, मळमळ, चिंता आणि नैराश्य यांत गटांमध्ये फरक पडला नाही. एकूण जीवनमानाच्या मुख्य मोजमापातही नाही. आणि ज्यांना तक्ता न वापरता नुसते पाय चोळून दिले, त्या बायकांनी थकवा कमी झाल्याचं सांगितलं. संशोधकांनी तो गट केवळ तुलनेसाठी ठेवला होता.

माझं म्हणणं यातून उलट पक्कं होतं. हात हवा, तक्ता नको.

---

गावाकडचं_तूप

एवढं परदेशी कशाला? आपल्याकडे काशाची वाटी आहे ना. आजी उन्हाळ्यात तळव्यांना तूप लावून वाटीने घासायची. डोळ्यांची आग थांबायची, शांत झोप लागायची. वाग्भटाने अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथात रोज अभ्यंग, म्हणजे तेल चोळणं, करायला सांगितलंय, आणि डोकं, कान, पाय यांना विशेष करून. शिवाय वाटी घासल्यावर तळवा काळा होतो, ती अंगातली उष्णता बाहेर पडते. हा पुरावा डोळ्यांना दिसतो!

---

पुरावा_कुठे

वाग्भट थकवा जातो, झोप चांगली लागते असं सांगतात, तेवढं मी आनंदाने मान्य करतो. तळव्यावर यकृताचा बिंदू आहे असं त्यांनी कुठेही म्हटलेलं नाही.

काळ्या रंगाचं मात्र साफ सांगायला हवं. कासं म्हणजे तांबं आणि कथील. तूप-घामासोबत घासलं की धातू अगदी किंचित झिजतो आणि त्या चिकट थरात काळा दिसतो. पितळेची समई घासताना फडकं काळं होतं, ती काही समईची उष्णता नसते. हल्ली प्रदर्शनांत काशाच्या ताटलीची मशीन लावून "बघा किती काळं निघालं, पित्त वाढलंय" म्हणून कोर्स गळ्यात मारतात. पित्त मोजायची ही रीत नव्हे.

---

रानजाई

काळ्या रंगाबद्दल पूर्ण सहमत. पण तूपसाहेब, आजीची वाटी टाकू नका. धातू अंगातली ऊब पटकन ओढून घेतो म्हणून वाटी तळव्याला गार लागते, तुपाने भेगा मऊ पडतात, आणि रात्री कुणीतरी निवांत बसून आपले पाय हातात घेतं. झोप यायला एवढं पुरतं. त्यासाठी उष्णता काढायची गरज नाही.

---

बोटांची_नजर

मी दृष्टिहीन आहे, मोबाइल वाचून दाखवतो त्यावर हे लिहितोय. पुण्यात रिफ्लेक्सॉलॉजी करतो, घर त्यावर चालतं. माझ्यासारखे मुंबई-पुण्यात बरेच जण आहेत. "तक्ता नको" म्हणताना आमचाही विचार करा.

आम्हाला तक्ता शिकवला तेव्हा, दाबताना खड्यासारखं लागलं की तिथे कचरा साठलाय, तो फोडायचा, असं सांगितलं होतं. हे मी गिऱ्हाइकाला सांगत नाही, कारण बोटांखाली खडे नसतात. असतात त्या आवळलेल्या गाठी, आणि त्या कमानीत आणि टाचेच्या पुढच्या अंगाला जास्त असतात. शाळेतल्या बाई, नर्स, दुकानातले सेल्समन यांचा पाय हातात घेतला की धंदा कळतो. पायात २६ हाडं आहेत, दिवसभराचा भार त्यांच्यावर आणि कमान धरणाऱ्या स्नायूंवर असतो. हलका दाब, मग श्वास सोडताना थोडा जास्त. माणूस पाय खेचतो की सोडतो, हे सतत बघावं लागतं. जोरात दाबलं म्हणजे जास्त गुण, हा समज लोकांनीच सोडायला हवा.

"माझं काय बिघडलंय सांगा" असं दहातले निम्मे विचारतात. मी म्हणतो, मी डॉक्टर नाही, तुमचे पाय दमलेत एवढं सांगू शकतो. तरी ते परत येतात. तेव्हा पुरावासाहेब, खोटं न बोलताही हा धंदा चालतो.

---

पुरावा_कुठे

दादा, तुमच्यासारखं सांगून काम करणाऱ्याला माझा विरोध असण्याचं कारणच नाही. तुमच्या हाताचे पैसे पूर्ण मिळायला हवेत. पण मग पाटीवर "मधुमेह, संधिवात, वंध्यत्व यांवर उपचार" असं लिहिणाऱ्यांविरुद्ध बोलायला तुम्हीच पुढे या. तुमच्याकडून आलं तर लोक ऐकतील.

---

दिंडी_क्र_नाही

आमचं मंडळ वाटेवर वारकऱ्यांचे पाय चोळायची सेवा करतं. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. दिवेघाट चढून सासवडला पोहोचलेली माउली पुढे पाय करते तेव्हा तिथे कुणी बिंदू शोधत नाही. फोड आहे का ते आधी बघायचं, फोडावर हात न्यायचा नाही, कोमट तेल, घोट्यापासून पोटरीकडे वर. माणसं बसल्या जागी डोळे मिटतात. यावर वाद कसला घालता तेच कळत नाही मला.

---

वॉर्ड_सिस्टर

वाद घालायला हवा, कारण आमच्याकडे येतात ते याच वाटेने आलेले पाय असतात.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२३ मध्ये आलेल्या अभ्यासानुसार देशात मधुमेहाचे अंदाजे १० कोटी १० लाख रुग्ण आहेत. त्यातल्या कित्येकांच्या तळव्याची संवेदना हळूहळू जाते आणि त्यांना पत्ताही नसतो. चप्पल निसटली तरी कळत नाही. असा माणूस "रक्ताभिसरण वाढतं" म्हणून टोकदार गोळ्यांच्या खडावा घालून घरभर फिरतो, किंवा मीठ घातलेल्या कडकडीत पाण्यात पाय सोडून बसतो. चटका कळत नाही, फोड येतो, तो पायाच्या खाली असल्यामुळे दिसत नाही. वास यायला लागला की घरचे घेऊन येतात. मग बोट वाचवायचं की पाय, हा प्रश्न असतो.

मी पाय दाबायच्या विरोधात नाही. आमच्याच वॉर्डात नातेवाइकांना हलक्या हाताने तेल लावायला मी शिकवते आणि पेशंट शांत होतात, हे रोज बघते. पण हात लावायच्या आधी उजेडात पाय बघा. बोटांच्या बेचक्यात, टाचेच्या कडेला, कुरूप असेल तर त्याच्या भोवती. डोळे मिटायला सांगून कापसाने अंगठ्याला शिवा आणि कळलं का विचारा. कळलं नाही तर दाब, गरम पाणी, मशीन सगळं बंद, आणि डॉक्टरकडे. बोटांच्या बेचक्यात तेल ठेवू नका, ओल राहून चिखल्या होतात.

---

रानजाई

सिस्टर, हे प्रत्येक मसाज केंद्राच्या भिंतीवर त्या तक्त्याच्या जागी लागायला हवं. मी माझं मत सोडत नाही. आजारी माणसाच्या उपचारात पाय दाबून देणारी व्यक्ती हवीच, आणि ती पगारावर हवी, घरच्या बाईच्या गळ्यात पडणारं आणखी एक काम म्हणून नको. पण तिला आधी तुमच्यासारख्यांनी शिकवावं, हे यात जोडते.

एक विचारायचं राहिलं. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरतंय. नंतर त्या बाईंना परत बोलवायचा विचार आहे. चालेल?

---

वॉर्ड_सिस्टर

लगेच नको. गुडघा बदलल्यावर पहिले काही आठवडे पायाच्या शिरांत गुठळी होण्याचा धोका असतो, आणि आईंना कॅन्सर होऊन गेलाय म्हणजे तो आणखी वाढतो. पोटरी दाबल्याने गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. सर्जनला स्पष्ट विचारा : तळवा कधी, पोटरी कधी. तोवर बाईंना बोलवायचंच असेल तर हात आणि खांदे दाबून घ्या, तेही बरं वाटतं. आणि एकच पोटरी सुजली, गरम लागली, दुखायला लागली तर चोळू नका, त्याच दिवशी दाखवा. दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट कॅज्युअल्टी.