स्टेकहोल्डरला मराठीत काय म्हणावं? (आणि 'दक्षता'चं काय करावं?)

कुळागरकार
फोंड्याजवळच्या एका गावात वीज नीट वापरण्याच्या सरकारी कार्यक्रमाची बैठक होती. बोलावणं मी लिहिलं. इंग्रजी मसुद्यात ओळीआड स्टेकहोल्डर, म्हणजे ज्यांचं त्या कामात काही ना काही गुंतलंय ते सगळे. हिंदी नमुना समोर ठेवून लिहिलं, 'ऊर्जा दक्षता कार्यक्रम : सर्व हितधारकांनी उपस्थित राहावे.' खुर्च्या साठ, माणसं नऊ, त्यातले दोन पंच. मागाहून शेजारची काकी म्हणाली, "दक्षतावाले येणार म्हटल्यार कोण येतलो रे? आमच्या मीटराचं सील पावसात तुटलंय." पुढच्या बैठकीला बर्फाचे कारखानदार, पोदेर (पाववाले), हॉटेलवाले, बागायतदार, वीज खातं सगळे हवेत. शब्द सुचवा.

कागदोपत्री
काकी बरोबर आहेत. आपल्याकडे दक्षता खातं म्हणजे लाचलुचपतीच्या तक्रारी बघणारं. घोळ दिल्लीहून आलाय. 2002 साली केंद्र सरकारची ब्यूरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी ही संस्था निघाली, तिचं हिंदी नावच ऊर्जा दक्षता ब्यूरो. 'कार्यक्षमता' लिहा, भानगड मिटेल.

रूपावली
घोळ दिल्लीचा नाही, आपला. दक्ष म्हणजे मुळात कुशल, समर्थ. हिंदीने अर्थ राखला, आपण त्याला पहारेकरी करून दारात उभा केला. शब्द परत मिळवला पाहिजे.

कागदोपत्री
मिळवा अवश्य. फक्त काकींच्या मीटरवर प्रयोग नको.

सरळसोट
'वीजबचत' लिहा की सरळ! कशाला एवढा खल?

कुळागरकार
तेच पहिल्यांदा लिहिलं होतं. बर्फवाला म्हणाला, "बचत? यंत्र बंद करू? ट्रॉलर आला की मासळी कुजेल." त्याला तेवढाच बर्फ कमी युनिटांत हवाय. जुना 60 वॅटचा बल्ब देई तेवढाच उजेड 9 वॅटचा एलईडी देतो, दिवा मालवावा लागत नाही. 'बचत' म्हटलं की लोकांना वाटतं, आता पंखाही काढून नेणार. बरं, हितधारकाचं बोला कोणीतरी.

खाजनातला
स्टेक म्हणजे खुंटा. ज्याचं गुरं ज्या खुंट्याला, तो त्या जागेचा. 'खुंटेकरी' म्हणा! माझ्या आजोबांच्या तोंडी होता.

रूपावली
आजोबांना नमस्कार, पण स्टेकहोल्डर खुंट्याचा नव्हे, पैजेचा. पैजेचे पैसे ज्याच्या हाती ठेवत तो तिऱ्हाईत. म्हणजे ज्याचं त्यात स्वतःचं काहीच नाही असा माणूस! धिरयोत बैल झुंजत असताना बाजूला नोटा धरून उभा असायचा तो खरा स्टेकहोल्डर.

खाजनातला
तो नोटा घेऊन पळायचा ते पण पाहिलंय. खुंटेकरीच बरा.

कागदोपत्री
'भागधारक' मात्र कृपा करून नको. वर्तमानपत्रं सर्रास छापतात, पण तो शेअरवाला. एका हॉटेलमालकाने मला विचारलं होतं, लाभांश कधी मिळणार? 'हितसंबंधी' व्याकरणात बसतो, पण 'हितसंबंध गुंतलेत' म्हटलं की दाल में काला.

सरळसोट
दाल मराठीत कधीपासून शिजायला लागली?

कामतीण
गोव्यात शब्द आहे ना, जोणकार! कोमुनिदाद म्हणजे गावच्या सामाईक जमिनीची जुनी संस्था, तिच्या उत्पन्नातला वाटा, जोण, ज्याला मिळतो तो. आयता शब्द सोडून दिल्ली-पुणे कशाला फिरताय?

वीजबिल
आणि जोण परंपरेने पुरुष गावकारांनाच, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांतल्या पुरुषांनाच. म्हणजे काकी बाहेर. मीही बाहेर, मी भाड्याने राहते. आमच्या घरात एसी मालकाने बसवलाय, स्वस्तातला, एका स्टारचा. बिल मी भरते. मालकाला चांगला एसी घेऊन काय मिळणार? 2020 पासून नवे एसी सुरू केले की आपोआप 24 अंशांवर लागतात म्हणे, आमचा त्याआधीचा, 18 वरच अडकलेला. रिमोटच्या प्लसच्या बटणाला रबरबँड लावलाय, तरी लागत नाही. तुमच्या हितधारकांत मालक येतो की मी?

कुळागरकार
दोघंही, बाय. दोघांना एका खोलीत बसवायचं तर बोलवायचं काय म्हणून, तिथेच तर अडलोय. 'संबंधित सर्वांनी' लिहिलं तर प्रत्येकाला वाटतं संबंधित तो शेजारचा.

सरळसोट
मग नावंच घाला. 'पोदेर, बर्फवाले, घरमालक, भाडेकरू, सगळ्यांनी या.' शब्दच नको.

रूपावली
म्हणजे भाषेने हात वर करायचे?

कामतीण
जोणकाराला पुरुषांचा म्हणून टाकायचं असेल तर 'गावकार' पण टाका, 'महाजन' पण टाका. अर्थ वाढवता येतात. रूपावली, 'दक्षता'चा अर्थ परत मिळवायचा म्हणत होतात ना?

खाजनातला
जोण हा 'जण'चाच भाऊ. माणशी वाटा, म्हणून जोण.

रूपावली
पुरावा?

खाजनातला
बांध फुटला की दर माणशी एक टोपली माती. आमच्यात कोणी पुरावा विचारत नव्हतं.

कुळागरकार
मंडळी, बैठक मंगळवारी आहे.

रूपावली
टोपली मातीची कामाची, जोण उत्पन्नाची. दोन्ही एकच कसे?