मदत हवी आहे: जुन्या पेठेतल्या बांधकामांसाठी मार्गदर्शक नियम कसे लिहावेत? (बेळगाव जिल्हा)

नमस्कार मंडळी,

मी सिव्हिल इंजिनिअर आहे. आमचं गाव बेळगाव जिल्ह्याच्या वायव्य भागात येतं. नाव मुद्दाम देत नाही, कारण विषय अजून कौन्सिलात गेलेला नाही आणि आमच्याकडं कागद टेबलावर यायच्या आधी चहाच्या गाड्यावर पास होतो. निपाणी, संकेश्वरची जुनी पेठ ज्यांनी पाहिलीय त्यांच्या डोळ्यांसमोर चित्र लगेच येईल. एकच बाजाररस्ता, एका टोकाला मारुती, दुसऱ्या टोकाला वेस (आता फक्त नावाला) आणि दोन्ही बाजूंना भिंतीला भिंत लावून उभी दुमजली कौलारू घरं. दर्शनी रुंदी पंधरा-अठरा फूट, आत मात्र साठ-सत्तर फूट खोल. पुढं दुकान, मधे चौक, मागं स्वयंपाकघर आणि परडं.

व्यापारी, काही घरमालक आणि दोन-तीन नगरसेवक यांचं म्हणणं असं की घरं पडायला आलीत, नवी बांधावीच लागणार, पण पेठेची कळा जाऊ नये, तेवढे नियम लिहून द्या. काम माझ्या गळ्यात आलंय. मानधनाचं विचारू नका.

खरी अडचण मार्जिनची, म्हणजे घराभोवती सोडायच्या मोकळ्या जागेची आहे. मंजुरीचे चालू नियम मोकळ्या लेआउटमधल्या प्लॉटसाठी बरे आहेत: पुढं जागा सोडा, बाजूला सोडा. पंधरा फुटांच्या घरानं दोन्हीकडं तीन-तीन फूट सोडले तर नऊ फूट उरतात, त्यात जिना घालायचा की दुकान? मग मालक 'दुरुस्ती' म्हणून अर्ज करतो आणि आतून कॉलम उभे करतो. जो नियमानं बांधतो तो मागं सरकतो, आणि पेठेच्या ओळीत दात पडल्यासारखी फट पडते. त्या फटीत दुचाक्या लागतात हे सोडा. शेजाऱ्याची पांढऱ्या मातीची भिंत, जी बांधल्यापासून कधी भिजली नव्हती, ती पावसात उघडी पडते. आमच्या गल्लीतली अशीच एक भिंत फुगून बाहेर आलीय, टेकू देऊन ठेवलीय.

दुसरं वळचणीचं. कौलांची वळचण रस्त्यावर दोन-अडीच फूट येते. मोजणीत ती अतिक्रमण ठरते म्हणून लोक कापून टाकतात, आणि पागोळ्या थेट भिंतीच्या पायात पडायला लागतात. मग ओल चढते, मग कुणीतरी सिमेंटचा गिलावा सुचवतो, आणि आत कोंडलेली ओल माती सोडवत बसते. कट्ट्यांचंही तेच. गटारावर शहाबादी टाकून केलेला कट्टा कायद्यानं गटारावरचा, व्यवहारात दुकानाचा. आठवडी बाजाराच्या दिवशी भाजीवाल्या आज्ज्या त्यावरच बसतात.

पाट्यांचा विषय नाजूक आहे. साठ टक्के कन्नडचा नियम २०२४ पासून कायद्यात आहे, त्यावर इथं वाद नको, त्यासाठी दुसरे धागे पडलेत. माझा प्रश्न फक्त मापाचा. एवढा मजकूर बसवायचा म्हणून लोक पहिल्या मजल्याच्या खिडक्या झाकून फ्लेक्स ठोकतात. पाटी कुठं लावावी आणि किती उंच असावी, हे नियमात घालता येतं का?

जाणकारांनी सांगावं: हे सगळं नुसतं छापील पुस्तक होऊन कपाटात न जाता अंमलात यायचं असेल तर कुठल्या कायद्याला टांगायचं? आणि मोजमापाला सुरुवात कुठून करायची?

आगाऊ धन्यवाद.
– वायव्येकडचा

---

टीपी_निवृत्त

नगररचना खात्यात नोकरी झाली, म्हणून दोन शब्द. कौन्सिलचा ठराव ही इच्छा असते, नियम नव्हे. बांधकामाची परवानगी नगरपालिका देते, पण मार्जिन, उंची, एफएआर (प्लॉटच्या मानानं किती बांधकाम करता येतं ते प्रमाण) ठरतात ते मास्टर प्लॅनला (गावच्या विकास आराखड्याला) जोडलेल्या झोनल रेग्युलेशनमधून (विभागवार बांधकाम नियमांतून), म्हणजे कर्नाटक नगर व ग्राम योजना कायदा १९६१ खाली. तुमचे नियम तिथं एक वेगळा विभाग म्हणून शिरले तरच साहेब सही करतील. कलम १३-ड प्रमाणे मास्टर प्लॅनची दर दहा वर्षांनी उजळणी व्हायला हवी. तुमच्या गावचा प्लॅन कुठल्या टप्प्यावर आहे ते आधी बघा. मसुदा हरकती-सूचनांसाठी खुला होतो तेव्हाच घुसायचं.

त्याच कायद्याच्या व्याख्यांत हेरिटेज इमारत आणि हेरिटेज परिसर दोन्ही आहेत. पण सगळी पेठ 'हेरिटेज' म्हणून जाहीर करा असं मागू नका, निम्मे मालक दुसऱ्या दिवशी विरोधात जातील. 'दाट जुनी पेठ' असा उपविभाग मागा, तेवढ्यापुरती मार्जिनची सूट मागा. आणि प्लॅनमध्ये त्या रस्त्यावर रुंदीकरणाची रेघ आहे का ते नक्की पाहा. ती तशीच राहिली तर बाकी सगळं लिहिणं वाया.

जवळपास केंद्राचं संरक्षित स्मारक असेल तर गणित बदलतं. शंभर मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, त्यापुढं दोनशे मीटर परवानगीनं. बेळगाव किल्ल्याजवळच्या लोकांना विचारा.

---

जांभा

मी आर्किटेक्ट, काम कोल्हापुरात, आजोळ खानापूर.

मोजमापाला सुरुवात समोरच्या माडीवरून करा. प्रत्येक घराचा समोरून सरळ फोटो घ्या आणि सगळे एका लांब कागदावर जोडून रस्त्याची पूर्ण बाजू काढा. त्यावर पाच गोष्टी टिपा: जोत्याची उंची, पहिल्या मजल्याची पातळी, वळचणीची उंची, खांबांमधलं अंतर, भिंतीत उघडा भाग किती. नियम यातूनच निघतात. 'पारंपरिक शैली जपावी' असं वाक्य चुकूनही लिहू नका, त्याचा परिणाम म्हणजे काँक्रीटवर चिकटवलेल्या फायबरच्या महिरपी. त्याऐवजी आकडा लिहा: वळचणीची पातळी शेजारच्या दोन घरांच्या मधे असावी, दर्शनी भिंत जुन्या ओळीवरच यावी, तिसरा मजला हवाच असेल तर तो दहा फूट मागं घ्यावा म्हणजे रस्त्यावरून दिसत नाही.

बाजूचं मार्जिन काढलं तर उजेड-वारा कुठून येणार हा प्रश्न साहेब विचारतीलच. उत्तर तुमच्या जुन्या घरातच आहे: चौक. मधल्या चौकाचं किमान माप सक्तीचं करा. बाजूला सोडलेल्या तीन फुटांच्या बोळापेक्षा दहा बाय दहाचा चौक केव्हाही चांगला.

आणि दुसऱ्या गावचे नियम उचलू नका. आपला जिल्हा एकच असला तरी खानापूरकडं धुवांधार पाऊस, जांभ्याच्या भिंती आणि उतरती कौलं. अथणीकडं पाऊस जेमतेम, तिथं मातीची सपाट माळवदं. अथणीच्या पेठेत वळचणीचा नियम घातला तर लोक हसतील. सीमेपलीकडं कागल, गडहिंग्लजला घरं अगदी तुमच्यासारखीच आहेत. महाराष्ट्राच्या २०२०च्या एकत्रित नियमावलीत दाट वस्तीसाठी मार्जिनचे वेगळे नियम आहेत. कायदा इकडं लागू नाही, पण भाषा कशी बांधलीय ते बघायला हरकत नाही.

---

पेठेतला

सगळं वाचलं. ज्यांची घरं पेठेत नाहीत त्यांना पेठ लई सुंदर दिसते, राग मानू नका. आमच्या दुकानाच्या फळ्या रोज सकाळी नंबरानं काढायच्या, रात्री नंबरानं लावायच्या. शटर लावलं तर तुमच्या नियमात बसणार काय? घराचे सात वाटेकरी, चौघं बेंगळुरू-पुण्यात. त्यांना विकायचंय. उंचीवर बंधन आलं की गिऱ्हाईक भाव पाडतंय. आमच्या आईचा एकच सवाल असतो, "नियम घालणाऱ्यानं कौलं शेकारायला माणूस आणून द्यावा की ओ!"

---

वायव्येकडचा

@पेठेतला, बरोबर बोललात, हेच मला हवं होतं. शटर चालेल, फक्त फळ्यांच्या जागी, चौकटीच्या आत. बाहेर शटरचा डबा लोंबायला नको.

@टीपी_निवृत्त, उंची गमावणाऱ्याला टीडीआर (न वापरलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडं वापरायला विकायची मुभा) देता येईल का? अहमदाबादच्या जुन्या शहरात वारसा घरांसाठी दिला जातो असं वाचलंय.

---

टीपी_निवृत्त

टीडीआर घेणारा बिल्डर लागतो. अहमदाबादेत तो आहे. तुमच्या गावात कडेला वाटेल तेवढी बिनशेतीची जमीन मिळते, मग कागदावरचा हक्क विकत कोण घेणार? छोट्या गावात मालकाला हवी असते ती कटकटीविना परवानगी. नियम असा लिहा की जो दर्शनी ओळ, वळचण आणि चौक पाळेल त्याला बाजूचं मार्जिन माफ आणि राहिलेला एफएआर मागच्या परड्यात वापरायची मोकळीक. आज त्याला हे कायदेशीर मिळतच नाही, म्हणून तर तो दुरुस्तीच्या नावाखाली बांधतो. नियम पाळण्यात त्याचा फायदा दिसला की भाव पडायची भीती बरीच कमी होते.

अग्निशमनाचं आधी मिटवा, फाइल तिथंच अडते. गाडी आत जात नाही म्हणून रुंदीकरण, हा ठरलेला युक्तिवाद. पेठेच्या दोन्ही टोकांना आणि मधे पाण्याचे हायड्रंट नकाशावर दाखवा, चौकांतून एकमेकांत जायच्या वाटा दाखवा.

वळचण आणि पाटी एकाच कलमात घ्या. वळचण रस्त्यावर अडीच फुटांपर्यंत चालेल, जमिनीपासून नऊ फुटांच्या वर, खाली खांब नको. पाटी वळचणीखालच्या पट्टीत, दुकानाच्या रुंदीएवढी, उंची दोन-अडीच फूट. भाषेचं प्रमाण कायद्याप्रमाणे, एवढंच वाक्य. मूळ मसुदा कन्नडात द्यावा लागेल, घरमालकांसाठी चित्रांसकट मराठी प्रत वेगळी काढा.

---

जांभा

+१. चुन्याच्या गिलाव्याची ओळही घाला: मातीच्या भिंतीला सिमेंट लावल्यास सवलत नाही. शेकारणाऱ्यांचं म्हणाल तर 'पेठेतला' यांच्या आईंचा सवाल रास्त आहे. खानापूर भागात माणसं अजून आहेत. तीन-चार गल्ल्यांचं काम एकदम काढलं तर ती येतात, एका घरासाठी येत नाहीत. व्यापारी संघानं मे महिन्याच्या आधी एकत्र बोलावून घ्यावं.

---

वायव्येकडचा

सर्वांचे आभार. मारुतीकडच्या टोकापासून फोटो घ्यायला सुरुवात करतो. मोजणीचा तक्ता तयार झाला की इथंच टाकेन. @पेठेतला, तुमच्या फळ्यांच्या चौकटीचं माप व्यनि (खासगी निरोप) करा, शटरचं कलम त्यावरूनच लिहितो.